चौदा नंबरचं टेबल

चौदा नंबरच्या टेबलावरची कॉफी यंत्राने सलग नवव्या दिवशी बाजूला फेकली आणि माझा संयम संपला. तो मुळातच बेताचा आहे. माझी आई पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होती. ती म्हणायची, आमच्या ऋजुताला एक घड नीट साफ करायलाही दम धरवत नाही, ही पुढे काय दिवे लावणार! पुढे मी गंधशास्त्रात पीएचडी केली, आणि २०४३ च्या त्या एप्रिलमध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, रवांडाच्या पश्चिमेला किवू सरोवराच्या वर एकोणीसशे मीटर उंचीवरच्या गिशारा नावाच्या टेकडीवर उभी राहून कॉफीच्या बियांवर चिडत होते.

इथली अरेबिका जगातल्या उत्तम कॉफींपैकी एक. संत्र्याची आंबटगोड चव, आणि घोट गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारा काळ्या चहाचा तुरटपणा. पण पुष्कळ कपांत एखादा कप असा निघतो की त्याला सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास येतो. झाडावरच्या फळाला ढेकणाच्या जातीचा एक किडा टोचतो, त्या भोकातून जीवाणू आत शिरतात आणि पायराझिन जातीचा रेणू तयार होतो. तो इतका उग्र, की कोटीभर लिटरच्या शेततळ्यात मिठाचे दोन-चार दाणे टाकावेत एवढ्या प्रमाणातही माणसाच्या नाकाला कळतो. बी मात्र दिसायला चांगली असू शकते. अशी एक बी सबंध कपाची वाट लावते, आणि सेऊल किंवा ओस्लोचं गिऱ्हाईक पुन्हा म्हणून गिशाराचं नाव घेत नाही.

यावर उपाय म्हणून आमच्या ‘रेणुगंध’ या पुण्याच्या कंपनीने यंत्र बनवलं. किड्यांच्या मिशांमध्ये वास ओळखणारी प्रथिनं असतात. तशी चारशे प्रकारची प्रथिनं आम्ही नखाएवढ्या चकतीवर बसवली. बिया एकामागून एक त्या चकतीखालून जातात, प्रत्येकीवर कोमट हवेची फुंकर पडते, आणि तिच्यातून जे रेणू सुटतील त्यांनुसार चारशेपैकी काही प्रथिनं हलतात. त्याची एक नक्षी तयार होते. चांगल्या बियांच्या लाखो नक्षी यंत्राला पाठ आहेत. त्यात न बसणारी बी ते उडवून लावतं. वासाचं नाव यंत्राला कळत नाही. हे रोजच्यासारखं नाही, एवढंच त्याला कळतं.

बटाट्याची नक्षी मी डोळे मिटून ओळखली असती. चौदा नंबरच्या बियांची नक्षी वेगळीच होती.

गिशाराच्या सहकारी केंद्रात दोनशे बारा बायका लांबलचक जाळीच्या टेबलांवर कॉफी निवडतात. प्रत्येकीचं टेबल ठरलेलं आणि पोत्यावर त्या टेबलाचा नंबर, कारण हल्ली गिऱ्हाइकाला कॉफी कोणाच्या हातून आली तेही जाणून घ्यायचं असतं. चौदा नंबर स्पेसियोजबाईंचा. वय चौपन्न, आणि सगळ्या बायकांच्या पुढारी. त्यांच्या मोठ्या मुलाचं नाव एरिक, म्हणून सगळ्या त्यांना मामा एरिक म्हणत. मामा म्हणजे इथे आई. पहिल्या आठवड्यात ही हाक मारताना मला हसू आवरायचं नाही. मला कॉफी निवडायला त्यांनीच शिकवलं. धुतलेली बी ओली असतानाच निवडायची, कारण ओलेपणी वरचं टरफल अर्धपारदर्शक होतं आणि आतला डाग दिसतो. त्यांची बोटं चालायची आणि तोंडही चालायचं. माझं नुसतं तोंड चालायचं.

अशा बाईच्या हातची कॉफी यंत्र नाकारत होतं. मी दोषी लगेच शोधून काढला. इथल्या जुन्या वळणाच्या बायका हाताला आणि मानेला गाईचं लोणी चोळतात. घरचंच, चार-पाच दिवस ठेवलेलं, जरा आंबूस. कॉफी वास फार पटकन पकडते. तेव्हा सकाळी सगळ्या जमल्या असताना मी मोडक्यातोडक्या किन्यारवांडा भाषेत सांगितलं की मामा एरिकच्या लोण्यामुळे माल वाया जातोय, उद्यापासून कोणीही लोणी लावायचं नाही. वर त्यांच्या हातात साबण ठेवला. दोनशे अकरा बायकांसमोर.  स्पेसियोजबाईंनी साबणाचा वास घेतला आणि तो कमरेच्या कापडात खोचला.

चार दिवसांत त्यांच्या बोटांची पेरं पहाटेच्या थंडीने फुटली, आणि यंत्र त्यांची कॉफी आधीपेक्षा जास्त फेकायला लागलं. लोण्याने वास येत नव्हता, उलट झाकला जात होता. मी पुरती तोंडघशी पडले. मग त्यांना हातमोजे दिले. मोज्यांत बी निसटायची, त्या वैतागायच्या, कामाचा वेग निम्म्यावर आला. पण चौदा नंबरमधून यंत्राने एकही बी फेकली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वास लोण्याचा नव्हता, टेबलाचा नव्हता, पाण्याचा नव्हता. तो स्पेसियोजबाईंच्या कातडीचा होता.

ती नक्षी मी नावगाव न सांगता पुण्यात मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या प्राध्यापिकेला पाठवली. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. कंपवात. पार्किन्सन्स. या आजारात त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाची घडण बदलते, हात थरथरायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी. तिच्याकडच्या नमुन्यांशी माझी नक्षी तंतोतंत जुळत होती. खाली तिने लिहिलं होतं की नवी औषधं इतक्या लवकर सुरू केली तर हात पुढची दहा-पंधरा वर्षं शाबूत राहतात, तेव्हा हे ज्या कोणाचं आहे त्याला वेळ न घालवता सांग.

मी वेळ घालवला. आधी कंपनीला कळवणं माझं काम आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण हे, की ज्या बाईचा सगळ्यांसमोर पाणउतारा केला तिच्यासमोर ही बातमी घेऊन जायची माझी छाती होत नव्हती.

कंपनीचा मालक निनाद सोहनी माझ्याच वर्गातला. माझा अहवाल वाचून त्याने तासाभरात फोन केला.

“चौदा नंबर म्हणजे कोण?”

“एक बाई आहेत.”

“फक्त चौदा नको. आपल्याकडे दोनशे बारा टेबलांचा डेटा आहे आणि नावं एकाही टेबलाची नाहीत. केंद्राच्या वहीत असतील ना? ती यादी मला पाठव.”

मी कशाला म्हणून विचारलं, तर तो अर्धा तास थांबला नाही. बटाटा गेला खड्ड्यात, म्हणाला. चहाचे मळे, शिलाईचे कारखाने, काजू, द्राक्षं, जिथे जिथे माणूस मालाला हात लावतो तिथे तिथे हे यंत्र बसेल. सुई नाही, रक्त नाही, इस्पितळ नाही. कोणाला कुठला आजार होणार हे मालकाला आधी कळेल. एका विमा कंपनीशी बोलणंही सुरू झालं होतं. आणि मोठेपणा सांगावा तसं तो म्हणाला, “हात लावणाऱ्यांना पत्तासुद्धा लागणार नाही, ऋजुता.”

माझ्या डोळ्यांपुढे पॅकहाउसमधली माझी आई आली, डोक्याला टोपी घालून घड निवडणारी. तिच्या हाताखालच्या बायका आल्या. त्यांना मालकाने कशावरून काढलं हे त्यांना कधी कळलंच नसतं. एवढं सगळं मनात येऊनही मी निनादशी भांडले नाही. दोन दिवसांनी यादी पाठवते म्हणाले आणि फोन ठेवला. वही माझ्याच खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्पेसियोजबाई कॉफी धुण्याच्या पाटाशी एकट्याच उभ्या होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं. यंत्र, वास, कंपवात, औषधं. शेवटी म्हणाले की लवकर कळलं हे चांगलंच झालं, किगालीच्या मोठ्या इस्पितळात मी स्वतः घेऊन जाते.

स्पेसियोजबाई पाटातल्या पाण्याकडे बघत होत्या. “तुला कधी कळलं?”

“सहा दिवस झाले.”

“आणि माझ्याआधी कोणाला सांगितलंस?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलले नाही. प्राध्यापिकेचं सांगितलं, निनादचं सांगितलं.

“त्याआधी यंत्राला कळलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे माझ्या हातात काय आहे ते कळणारी मी पाचवी.”

मी खूप चुकले म्हणाले. पण तिथे थांबले नाही. जिभेला हाड नसलं की असं होतं. म्हणाले, कसंही असो, शहाण्या माणसाला हे कळायलाच हवं असतं.

“तू विचारलं असतंस तर मीही कदाचित हो म्हटलं असतं.” त्यांनी फुटलेल्या पेरांवरून अंगठा फिरवला. “तू विचारलंच नाहीस. तू मला साबण दिलास.”

 मग त्यांनी विचारलं की आता पुढे काय, आणि मी त्यांना यादीचं सांगितलं. सांगताना माझी मान खाली होती. त्यांनी एकच प्रश्न केला, यादीत बाकीच्या बायकाही आहेत का. मी हो म्हटल्यावर त्या टेबलाकडे गेल्या.

दुसऱ्या सकाळी काम सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. स्पेसियोजबाईंनी टाळी वाजवली. दोनशे बारा बायका उठल्या आणि एकेक टेबल पुढे सरकल्या. पुन्हा वीस मिनिटांनी टाळी, पुन्हा सगळ्या पुढे. काम थांबलं नाही, गाणंही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुठलंही टेबल कुठल्याही एकीचं राहिलं नव्हतं. चौदा नंबरचा वास सगळ्या टेबलांवर पातळ होऊन पसरला, आणि वहीतल्या नावांना यापुढे काही अर्थ उरला नाही. इतकी साधी गोष्ट होती. मी पाहतच राहिले, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

मग त्या माझ्यापाशी आल्या. त्यांची एक अट होती. रोज दुपारी एक तास मीही त्यांच्याबरोबर निवडायला बसायचं, मोज्यांशिवाय. आमच्या हातांचा वास घेतलास ना, आता तुझाही हात ढिगात मिसळू दे. मी कबूल झाले. निनादला लिहिलं की टेबलं मिसळली आहेत, यादी यापुढे निरुपयोगी आहे आणि जुन्या नोंदींसाठीही मी ती पाठवणार नाही. त्याने उलट लिहिलं की हंगाम संपला की राजीनामा घेऊनच ये. पोत्यांवर नंबराऐवजी ‘गिशाराच्या बायका’ असं छापायचं ठरलं. तक्रार एकाही गिऱ्हाइकाने केली नाही.

मी रोज बसायला लागले. माझी बोटं अजूनही पाव वेगाने चालायची आणि बायका माझी यथेच्छ टिंगल करायच्या. मुहिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, एक बी निवडते तोवर आमचं बाळंतपण उरकतं, म्हणायच्या. आतून मात्र मला चैन नव्हतं. रोज बाईंच्या हातांकडे बघायचे. आता थरथरतील, मग थरथरतील. कळूनही त्या इस्पितळाचं नाव काढत नव्हत्या आणि मला पुन्हा विषय काढायची चोरी झाली होती. मेच्या मध्यावर एका सकाळी त्या स्वतःच पिशवी घेऊन आल्या आणि किगालीला गेल्या. बरोबर एरिक होता, मला चल म्हणाल्या नाहीत.

त्या गेल्यावर तीन-चार दिवसांत तो वास यंत्रातून नाहीसा व्हायला हवा होता.

तो झाला नाही. बराच कमी झाला, आणि मग तिथेच अडला. मी चकती बदलली. पाणी तपासलं. जुना माल बाजूला काढून फक्त ताज्या, त्या दिवशी निवडलेल्या बिया घातल्या. नक्षी तीच आणि तेवढीच. निष्कर्ष एकच निघत होता, आणि मी तो तीन दिवस काढायचा टाळला. आणखी एक हात होता. आमच्यातलाच कोणाचा तरी, आणि टेबलं मिसळल्यानंतर उमटलेला, कारण जुन्या नोंदींत चौदा सोडून कुठल्याच टेबलावर ती नक्षी नव्हती. आणि आम्ही टेबलं मिसळली नसती तर तो कोणाचा हे मला दहा मिनिटांत सांगता आलं असतं.

माझा जीव टांगणीला लागला. जिला आजार होता तिला माहीत नव्हतं, औषध होतं, आणि एकेक दिवस फुकट चालला होता. शोधायची युक्ती तर माझ्याकडे तयार होती. निम्म्या बायकांना मोजे घालायला लावायचे, वास गेला का बघायचं, मग त्या निम्म्यांतल्या निम्म्यांना. आठ दिवसांत हात सापडला असता, आणि कारण काहीही सांगता आलं असतं. पाणी थंड आहे म्हणायचं. मी मोज्यांची खोकी बाहेर काढून दाराशी रचलीसुद्धा. मग लक्षात आलं की हे पुन्हा तेच आहे, फक्त साबणाऐवजी मोजे. खोकी परत आत नेली. त्यानंतरचे दोन आठवडे मी टेबलाशी बसले की समोरच्या प्रत्येकीची बोटं चोरून न्याहाळत होते.

स्पेसियोजबाई जूनच्या पहिल्या आठवड्यात परतल्या. यंत्र खरं बोललं होतं. औषध सुरू झालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते की फार लवकर आलात. मी त्यांना दुसऱ्या हाताचं सांगितलं. या वेळी आधी त्यांनाच. ऐकता ऐकता काहीतरी आठवून त्या एकदम हसायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं होतं, वास यायचा कमी झालाय का, कारण या आजारात नाक आधी मरतं. तेव्हा त्यांना कळलं की शेजारणीच्या केळ्याच्या दारूला गेली तीन वर्षं त्या उगाचच नावं ठेवत होत्या. दारू चांगलीच होती. त्यांच्याबरोबर मीही हसले, आणि मध्येच माझं हसू थांबलं. का थांबलं ते त्यांना सांगितलं नाही.

दुपारी त्यांनी सगळ्यांना छपराखाली गोळा केलं. आधी स्वतःच्या आजाराचं सांगितलं, नाव घेऊन. मग म्हणाल्या, आणखी एकजण आहे. जिला जाणून घ्यायचं असेल तिने मूठभर कोऱ्या, कोणाचाही हात न लागलेल्या बिया पाच मिनिटं हातात धरायच्या आणि यंत्राच्या खोलीत एकटीने यायचं. निकाल फक्त तिच्या कानात, आणि यंत्रातली नोंद तिच्या डोळ्यांदेखत पुसायची. जिला नको असेल तिने निवडत बसायचं. कोण आलं, कोण नाही, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. बराच वेळ कालवा झाला. एकीला नवऱ्याची भीती होती, एकीच्या मुलीचं लग्न ठरत होतं, एक म्हणाली की मरायचं ते मरू, आधी कशाला रडा. स्पेसियोजबाईंनी कोणालाही समजावलं नाही.

मग त्यांनी परडीतल्या बिया उचलल्या आणि माझ्या उजव्या हातात ओतल्या.

“आधी तू,” त्या म्हणाल्या. “तुझाही हात ढिगात आहे.”

मी मूठ मिटली आणि आम्ही दोघी आत गेलो. आता पाच मिनिटं काढायची होती. मी वासावर पोट भरणारी बाई. कॉफीचा कप नाकाला लावून मी शेवटचा कधी पारखला होता? जानेवारीत. आणि तेव्हाही मी कपात काय आहे ते लिहिलं नव्हतं, पडद्यावर दिसलं ते लिहिलं होतं. कपाला फारसा वास येत नव्हता. भाजताना चुकलं असेल म्हणून मी भाजणाऱ्याला झापलं होतं. मार्चमध्ये बहिणीने पाठवलेला गोडा मसाला मी शिळा म्हणून टाकून दिला होता. आता त्या बंद खोलीत, ताज्या कॉफीच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी खोल श्वास घेतला आणि काय येतंय ते शोधत राहिले. मला भीती वाटत होती.

“झाली पाच मिनिटं,” स्पेसियोजबाई म्हणाल्या. “उघड.”

मूठ उघडेना. शहाण्या माणसाला कळायलाच हवं असतं, हे मी त्यांना पाटाशी सांगितलं होतं. ते मला आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार.

“मामा एरिक, मला नाही जमत.”

टोमणा येईल असं वाटलं होतं, आणि तो मला शोभलाही असता. त्यांनी फक्त माझी मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. त्यांची पेरं भरून आली होती.

“मग राहू दे. मी चार आठवडे काढले, तूही काढ,” त्या म्हणाल्या. “पण हे यंत्र चालवता तुलाच येतं.”

त्यांनी दार उघडलं. बाहेर अकरा बायका उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता, उजव्या हाताच्या मुठी छातीशी धरून. मी माझी मूठ तशीच मिटलेली ठेवली, डाव्या हाताने यंत्र सुरू केलं आणि पहिलीला आत घेतलं. दार लावून तिच्यासमोर बसले आणि तिला विचारलं, “तुला नक्की कळायला हवं आहे का?”